संगमरवरी मूर्तीवरील डाग: घासण्याआधी काय तपासावे आणि कोणत्या क्रमाने काढावेत

नाशिकमध्ये मूर्ती स्वच्छ करण्याच्या ज्या सवयी घरोघरी चालत आल्या आहेत, त्या मुख्यतः काळ्या पाषाणाच्या आणि पितळेच्या आहेत. काळाराम मंदिराला वापरलेल्या दगडासारखा काळा बेसाल्ट लिंबाच्या रसाला सहसा दाद देत नाही, तेल लावले तर तो अधिकच तुकतुकीत दिसतो, आणि पितळी देव तर चिंचेशिवाय उजळतच नाहीत. हीच चिंच, हेच तेल आणि हीच काथ्याची घासणी पांढऱ्या संगमरवरावर चालवली की मूर्ती निस्तेज, पिवळट आणि खरखरीत होते, आणि दोष मात्र दगडाच्या दर्जाला दिला जातो.

संगमरवर हा मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट असतो आणि आम्लाचा स्पर्श होताच तो विरघळू लागतो. बाथरूमचे ॲसिड टाकल्यावर जो फेस येतो, तो पाहून मळ निघतो आहे असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तो फेस म्हणजे दगड विरघळताना सुटणारा कार्बन डायऑक्साईड वायू असतो. शिवाय मोहस् मापनात संगमरवराचा कठीणपणा साधारण ३ आहे, तर साध्या वाळूच्या कणाचा ७. म्हणजे धूळ न झटकता फिरवलेले ओले फडकेसुद्धा चकाकी घालवू शकते.

पुढील पद्धत देवघरातील मूर्ती, सोसायटीतील किंवा शाळेच्या आवारातील अर्धपुतळा, आश्रमातील अलीकडची मूर्ती यांच्यासाठी आहे. २०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने अनेक ठिकाणी साफसफाई निघेल, आणि अशा घाईतच सर्वाधिक नुकसान होते.

टप्पा १: दगड, रंग आणि जुनी दुरुस्ती तपासा

प्रथम मूर्ती खरोखर संगमरवरी आहे का, हे पाहावे. बाजारात ‘मार्बल’ म्हणून मिळणाऱ्या अनेक मूर्ती संगमरवराची भुकटी आणि रेझिन यांच्या साच्यातून काढलेल्या असतात. त्या हाताला तितक्या गार लागत नाहीत, आकाराच्या मानाने हलक्या असतात आणि तळाशी किंवा बाजूला साच्याची बारीक रेघ दिसते. अशा मूर्तीवर ॲसिटोन (नेलपॉलिश काढण्यासाठी वापरतात ते द्रव) लावले तर तिचा पृष्ठभागच मऊ पडू शकतो. दुसरा फसवा दगड म्हणजे अलाबास्टर, अर्थात जिप्सम. तळाच्या न दिसणाऱ्या भागावर नखाने ओरखडा उठत असेल, तर तो संगमरवर नव्हे. जिप्सम पाण्यातही थोडा विरघळत असल्याने पुढील ओल्या टप्प्यांपैकी एकही त्याच्यासाठी नाही.

त्यानंतर रंग पाहावा. जयपूरहून येणाऱ्या मूर्तींचे डोळे, ओठ, दागिने आणि वस्त्रांचे काठ रंगवलेले असतात, काहींवर सोनेरी वर्खही असतो. हा रंग दगडात मुरलेला नसून वर बसलेला असतो. रंगीत भागाच्या कडेपासून किमान दोन बोटे अंतर सोडून काम करायचे, हे आधीच ठरवून घ्यावे.

शेवटी चिरा, जोड आणि लोखंड शोधावे. हाताचे पंजे, मान, वीणा, त्रिशूळ हे भाग बहुधा कधीतरी मोडून चिकटवलेले असतात. विजेरी पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरून तिरका प्रकाश टाकला की जोडाची रेघ, उंचसखलपणा आणि घासल्याचे जुने ओरखडे स्पष्ट दिसतात. त्याच प्रकाशात सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. काम झाल्यावर ‘हे आधी होते की आत्ता झाले’ हा प्रश्न हमखास निघतो आणि त्याचे उत्तर फक्त छायाचित्र देते.

> सावधान: बोट फिरवल्यावर साखरेसारखे कण सुटत असतील, पापुद्रे निघत असतील किंवा मूर्ती १०० वर्षांहून जुनी असण्याची शक्यता असेल, तर येथेच थांबावे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात अशा जुन्या शिल्पांचा समावेश होतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धन केंद्र आहे. तेथील तज्ज्ञांकडे किंवा पुरातत्त्व विभागाकडे विचारणा करावी.

टप्पा २: डाग आहे की झीज, हे ठरवा

हा टप्पा बहुतेक जण वगळतात आणि मग जो डागच नाही, तो काढण्यासाठी आठवडे घालवतात. आम्लामुळे पडलेला पांढुरका, चकाकी गेलेला ठिपका हा डाग नसून त्या जागी दगडाचा वरचा थर गेलेला असतो. ओळखण्याची रीत सोपी आहे: तिरक्या प्रकाशात डागाचा रंग वेगळा दिसतो पण चकाकी आजूबाजूसारखीच राहते, तर झिजलेल्या जागी रंग तोच असतो आणि चकाकी तुटलेली दिसते. पंचामृतातील दही मूर्तीवर वारंवार पडत असेल, तर खांद्यावर आणि पायांवर अशी झीज नक्की सापडते. तिला कोणताही लेप लागू पडत नाही. ते काम पुन्हा पॉलिश करण्याचे आहे, आणि मूर्तीच्या बाबतीत ते न करणेच बहुधा शहाणपणाचे असते.

खरा डाग असेल तर त्याचे मूळ शोधावे, कारण उपाय मुळावर ठरतो. समईच्या वरच्या बाजूची काळी छटा म्हणजे काजळी. पायांजवळचा, ओलसर भासणारा गडद पट्टा म्हणजे तेल किंवा तूप. पिवळा किंवा लालसर डाग हळदीकुंकवाचा किंवा झेंडूच्या फुलांचा. नारिंगी-तपकिरी ओघळ लोखंडाचा, हिरवट-निळसर ओघळ तांब्याच्या अभिषेकपात्राचा किंवा पितळी प्रभावळीचा. उघड्यावरच्या पुतळ्याच्या सावलीकडील बाजूची हिरवी-काळी बुरशी पावसाळ्यातली. आणि पाणी सुकून राहिलेला पांढरा, खरखरीत थर म्हणजे बोअरच्या जड पाण्यातील क्षार. हा शेवटचा थर विशेष अडचणीचा आहे, कारण तो स्वतःच मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट असतो. जे द्रव्य त्याला विरघळवील ते मूर्तीलाही विरघळवील.

> तपासणी: डागाचे कारण अजून चालू आहे का? ठिबकणारे अभिषेकपात्र, मूर्तीला टेकलेली लोखंडी जाळी किंवा अगदी जवळची समई आधी हलवावी. त्याशिवाय काढलेला डाग महिनाभरात परत येतो.

टप्पा ३: साहित्य आधी जमवा

काम अर्ध्यावर टाकून दुकानात जावे लागले की हाताशी असेल ते वापरण्याचा मोह होतो, म्हणून सर्व साहित्य आधीच मांडून घ्यावे. डिस्टिल्ड वॉटर बॅटरीच्या दुकानात मिळते. ते नसेल तर आरओचे पाणी चालते, बोअरचे चालत नाही. त्याशिवाय रंगकामाचे मऊ केसांचे दोन कुंचले, भरपूर पांढरा कापूस, बांबूच्या काड्या, पांढरे सुती कापड (रंगीत फडके ओले झाल्यावर स्वतःच डाग पाडते), रंगहीन आणि सुगंधरहित न्यूट्रल (आम्लधर्मीही नाही आणि अल्कधर्मीही नाही असा) डिटर्जंट, पीएच कागद (द्रव आम्लधर्मी आहे की अल्कधर्मी, हे रंगावरून दाखवणारा), नायट्राईलचे हातमोजे, लाकडी किंवा प्लॅस्टिकचा पातळ चमचा, स्वयंपाकघरातील पारदर्शक प्लॅस्टिकची फिल्म आणि लेपासाठी पांढरी केओलिन माती (चायना क्ले) घ्यावी. कुंचल्याची धातूची पट्टी कापडी टेपने गुंडाळावी, कारण ती मूर्तीवर आपटली की राखाडी रेघ उठते.

केओलिनच्या जागी मुलतानी माती वापरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो ऐकू नये. मुलतानी मातीत लोह असते, आणि ओल्या लेपातून ते संगमरवरात उतरून नवाच पिवळा डाग तयार होतो. केओलिन मिळत नसेल तर छपाई नसलेला पांढरा टिश्यू पेपर पाण्यात कुस्करून त्याचा लगदा वापरावा. छोट्या डागाला तो उत्तम चालतो.

घरातील पुढील वस्तू मूर्तीपासून दूर ठेवाव्यात: लिंबू, चिंच, कोकम, व्हिनेगर, पितळ घासण्याची पावडर, लिंबूयुक्त भांड्यांचे लिक्विड, टूथपेस्ट, ब्लीच, स्कॉचब्राईट आणि तारेची घासणी. रिठा आणि शिकेकाई नैसर्गिक असली तरी त्यांचे पाणी आम्लधर्मी असते, हे पीएच कागदावर कोणालाही पाहता येईल. आणि फरशी पॉलिश करणाऱ्या कारागिराला मूर्तीसाठी बोलावू नये. त्याच्या डब्यातील पांढरी पावडर बहुधा ऑक्झॅलिक ॲसिडची असते. सपाट फरशीवर त्याचा हात कितीही सराईत असला, तरी नाकाडोळ्यांच्या रेषांना त्या यंत्राचे आणि त्या पावडरीचे काम नाही.

टप्पा ४: कोरडी सफाई

पाण्याचा थेंबही लावण्याआधी धूळ पूर्णपणे काढावी. वरून खाली येत, एका हाताने कुंचल्याने धूळ हलवावी आणि दुसऱ्या हातात व्हॅक्यूम क्लीनरचे तोंड काही इंचांवर धरून ती ओढून घ्यावी. तोंड मूर्तीला टेकू देऊ नये. फडक्याने पुसणे म्हणजे धुळीचे कण दाबून फिरवणे, म्हणून या टप्प्यात फडके अजिबात नको.

काजळीही याच टप्प्यात, कोरडीच काढायची असते. ओला हात लागला की ती छिद्रांत पसरते आणि मग पिढ्यान्‌पिढ्या राहते. ऑनलाईन मिळणारा काजळी टिपण्याचा कोरडा रबरी स्पंज सर्वांत चांगला. तो घासायचा नसून दाबून उचलायचा असतो आणि एक बाजू काळी झाली की कापून टाकायची असते. नसेल तर पांढऱ्या मऊ खोडरबराचा कीस बोटांनी हलकेच फिरवून कुंचल्याने झटकावा.

हाच नियम गुलालाला आणि रंगाला. रंगपंचमीला रहाडींच्या (रंगीत पाण्याने भरल्या जाणाऱ्या जुन्या हौदांच्या) परिसरात राहणाऱ्यांनी अंगणातील संगमरवरी मूर्ती आदल्या रात्रीच सुती कापड आणि त्यावर प्लॅस्टिक घालून झाकावी हे उत्तम. रंग पडलाच तर बादलीभर पाणी ओतण्याआधी कोरडी भुकटी उचलून घ्यावी.

शेंदराचा जाड थर मात्र स्वतः खरवडू नये. जुन्या शेंदरात शिसे किंवा पारा असू शकतो आणि त्याची भुकटी श्वासात जाणे घातक आहे.

टप्पा ५: चाचणी

जे काही वापरायचे आहे, ते आधी मूर्तीच्या मागे किंवा तळाजवळ नखाएवढ्या जागेवर लावावे, धुवावे आणि दुसऱ्या दिवशी, पूर्ण वाळल्यावर, तिरक्या प्रकाशात पाहावे. ओला संगमरवर नेहमी स्वच्छ आणि गडद दिसतो, त्यामुळे ओल्या अवस्थेतील निर्णय जवळजवळ नेहमी चुकतो. कापसाच्या बोळ्यावर रंग उतरला किंवा चकाकी बदलली, तर तो उपाय सोडून द्यावा.

टप्पा ६: पाण्याने सफाई

एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात न्यूट्रल डिटर्जंटचे पाच-सहा थेंब टाकावेत आणि पीएच कागद ७ ते ८ च्या दरम्यान दाखवतो, हे पाहावे. पाणी साधे असावे. गरम पाणी नको, कारण कॅल्साईटचे स्फटिक तापल्यावर एका दिशेने प्रसरण पावतात आणि दुसऱ्या दिशेने आकसतात. त्यामुळे कणांमधील पकड सैल होते. वाफेचे यंत्र आणि हेअर ड्रायर याच कारणाने वर्ज्य.

आता क्रमाकडे नीट लक्ष द्यावे, कारण येथे कोरड्या सफाईच्या अगदी उलट दिशेने जायचे असते. धूळ वरून खाली काढली, पण धुताना खालून वर जावे. वरून सुरुवात केली तर मळकट पाण्याचे ओघळ खालच्या कोरड्या दगडावर उतरतात, कोरडा दगड ते शोषून घेतो आणि उभ्या रेघा कायमच्या राहतात. म्हणून आधी साध्या डिस्टिल्ड पाण्याने भाग हलका ओला करावा, मग पायथ्यापासून वर तळहाताएवढा एकेक तुकडा घेत जावे. कापूस काडीला गुंडाळून, डिटर्जंटच्या पाण्यात बुडवून आणि जवळजवळ पिळून घेऊन तो मूर्तीवर लोळवावा. पुढेमागे घासू नये. बोळा मळला की टाकून द्यावा. कंजूषी करण्याची ही जागा नव्हे. एक तुकडा झाला की साध्या पाण्याच्या बोळ्याने तीनदा पुसून कापडाने टिपून घ्यावा, आणि सर्व झाल्यावर शेवटचे स्वच्छ पाणी मात्र वरून खाली फिरवावे.

मूर्ती पाण्यात बुडवून ठेवणे, नळाखाली धरणे किंवा पुतळ्यावर प्रेशरचा पाईप मारणे ही तिन्ही कामे टाळावीत. आत लोखंडी सळई असेल तर मुरलेले पाणी तिला गंजवते आणि काही महिन्यांनी गंजाचा डाग आतून बाहेर येतो.

उघड्यावरच्या पुतळ्याची बुरशी ओली असताना काढू नये, ती पसरते. पाऊस संपून ऑक्टोबरमध्ये कोरडे ऊन पडू लागले की बुरशी वाळते; तेव्हा ती लाकडी काडीने आणि मऊ कुंचल्याने सुटते आणि नंतर वरील पद्धतीने धुता येते.

> तपासणी: दोन दिवस वाळू द्यावे. अनेक डाग येथेच संपतात. उरलेला डाग दिसण्याइतका आहे का, हे नेहमीच्या अंतरावर, म्हणजे दर्शनाला उभे राहतो तेथे, उभे राहून ठरवावे.

टप्पा ७: आत मुरलेल्या डागासाठी लेप

लेपाचे काम डाग घासून काढणे नाही, तर द्रव आत पाठवून, डाग विरघळवून, वाळताना त्याला बाहेर ओढून घेणे हे आहे. हे लक्षात घेतले की बहुतेक चुका आपोआप टळतात. ओला असतानाच काढलेला लेप निरुपयोगी ठरतो, कारण ओढण्याचे काम वाळतानाच होते.

तेल-तुपासाठी केओलिनमध्ये ॲसिटोन कालवावे. थंडीत तूप गोठलेले असते, तेव्हा वरचा थर आधी लाकडी चमच्याने उचलावा. हळद, फुले किंवा चहा यांच्या डागासाठी औषधाच्या दुकानातील ६ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साईड वापरावे आणि ते किंचित आम्लधर्मी असल्याने, पीएच कागद ७ च्या थोडा वर जाईपर्यंत त्यात अमोनियाचे मोजके थेंब टाकावेत. दोन्ही प्रकारांत मिश्रण श्रीखंडाइतके घट्ट हवे. ओघळणारा लेप डाग पसरवतो.

> सावधान: ॲसिटोन आणि पेरॉक्साईड कधीही एकत्र आणू नयेत, त्यातून स्फोटक पदार्थ तयार होऊ शकतो. तेल आणि हळद असा दुहेरी डाग असेल तर आधी ॲसिटोनचा लेप द्यावा, धुवावे, दोन दिवस वाळू द्यावे आणि मगच पेरॉक्साईड वापरावे. भांडी आणि चमचेही वेगळे ठेवावेत. ॲसिटोनची वाफ ठिणगीनेही पेटते, म्हणून देवघरातील समई, निरांजन, उदबत्ती आणि कापूर आदल्या वेळेपासून बंद ठेवून खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

पेरॉक्साईडच्या लेपाआधी डाग आणि भोवतालचा दोन इंच भाग डिस्टिल्ड पाण्याने ओला करावा, म्हणजे डाग बाजूला सरकून कडे पडत नाही. ॲसिटोनच्या लेपाआधी मात्र दगड कोरडा हवा. लेप साधारण १ सेंटीमीटर जाड आणि डागाच्या कडेबाहेर दोन सेंटीमीटरपर्यंत द्यावा, कडा हळूहळू पातळ करत न्याव्यात. त्यावर प्लॅस्टिकची फिल्म टाकून २४ तास ठेवावे. पेरॉक्साईड असल्यास फिल्मला सुईने चार-सहा छिद्रे पाडावीत, कारण त्यातून वायू सुटतो. दुसऱ्या दिवशी फिल्म काढावी आणि लेप आपोआप तडे जाऊन सुटेपर्यंत थांबावे. एप्रिल-मे महिन्यांत नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात हे काही तासांत होते, पावसाळ्यात तीन दिवसही लागतात. सुटलेला लेप चमच्याने अलगद उचलावा, जागा डिस्टिल्ड पाण्याने तीन-चारदा टिपावी, आणि पूर्ण वाळल्यावरच परिणाम पाहावा. जुन्या तेलाला दोन-तीन वेळा लेप द्यावा लागणे स्वाभाविक आहे. तिसऱ्या लेपाने काहीच फरक पडला नाही, तर चौथ्याने पडेल ही आशा सोडावी.

हळदीबद्दल दोन गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात. साबणाचे पाणी लागले की हळद लाल होते, कारण साबण अल्कधर्मी असतो. घाबरून आणखी साबण लावला जातो आणि डाग खोल जातो. तसेच अमोनिया टाकलेल्या लेपाखालीही ती थोडा वेळ लालसर दिसू शकते, तेव्हा लेप मध्येच काढू नये. दुसरे म्हणजे हळदीचा रंग प्रकाशात फिका पडतो. मूर्ती हलवता येण्याजोगी असेल, तर लेपाआधी तिला आठवडाभर सकाळच्या कोवळ्या उन्हाच्या खिडकीत ठेवून पाहावे. कित्येकदा लेपाची गरजच उरत नाही.

मेणाचा थेंब वितळवू नये. कापडात गुंडाळलेला बर्फ काही मिनिटे धरून तो टणक करावा, बांबूच्या काडीने उडवावा आणि उरलेली तेलकट खूण ॲसिटोनच्या छोट्या लेपाने काढावी.

गंज आणि तांब्याचे ओघळ या लेपांनी जात नाहीत. गंजावर पेरॉक्साईड तर लावूच नये. दुकानातील ‘रस्ट रिमूव्हर’ जवळजवळ सर्व आम्लधर्मी असतात, आणि संवर्धक जी द्रव्ये वापरतात त्यांचे प्रमाण व वेळ चुकल्यास नवा डाग उमटतो. डागाचे मूळ काढावे, छायाचित्र ठेवावे आणि हे काम तज्ज्ञांवर सोपवावे.

टप्पा ८: वाळवणे आणि त्यानंतर

धुतलेली मूर्ती पंख्याच्या सौम्य वाऱ्यात, सावलीत वाळवावी. तळ ओला राहू नये म्हणून दोन लाकडी पट्ट्यांवर ठेवावी आणि तीन-चार दिवस तरी हळदकुंकू, हार किंवा वस्त्र घालू नये, कारण ओला दगड रंग लगेच पितो. चकाकीसाठी खोबरेल किंवा तिळाचे तेल लावणे हा पांढऱ्या मूर्तीचा शत्रू आहे. काळ्या पाषाणावर शोभणारे ते तेल संगमरवरात मुरते, हवेने पिवळे पडते आणि धूळ धरून ठेवते. मेणाचे किंवा सिलिकॉनचे ‘मार्बल पॉलिश’ही घरी लावू नये.

नित्य अभिषेक धातूच्या छोट्या उत्सवमूर्तीवर करावा; अनेक देवळांत ही रीत आहेच. संगमरवरी मूर्तीला कुंकू थेट न लावता छोट्या चांदीच्या पत्र्यावर लावून तो पत्रा कपाळी टेकवता येतो. फुलांचा हार रोज संध्याकाळी उतरवावा. रात्रभर राहिलेला ओला झेंडू सकाळी खांद्यावर पिवळी कडी सोडून जातो. समई मूर्तीपासून दोन हात दूर आणि किंचित बाजूला ठेवावी, आठवड्यातून एकदा कोरडा कुंचला फिरवावा, आणि पाण्याची सफाई वर्षातून एकदा पुरते.